पत्र्याच्या भिंतीवरची इश्कपेचा

लातूर जिल्हा झाला तेव्हा जिल्ह्याला पुरतील एवढ्या इमारती गावात नव्हत्या. एखादं ऑफिस शाळेच्या दोन खोल्यांत, एखादं कुणाच्या माडीवर. आमचं जुन्या जमिनींच्या कागदांचं ऑफिस मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे एका रिकाम्या गोदामात आलं होतं, आणि दोन-तीन वर्षं झाली तरी तिथंच होतं. गोदामात पूर्वी तूर साठवत. फरशीच्या फटींतून अजून डाळीचा भुगा निघायचा आणि कागदांनाही तोच वास लागला होता. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. घर धर्माबादला. वडील रेल्वेत सांधेवाले, म्हणजे गाडी येण्याआधी रूळ या बाजूचे त्या बाजूला करून देणारे. घर सोडून एकटी राहायची ती माझी पहिलीच वेळ होती.

माझं टेबल पूर्वेच्या भिंतीला होतं. भिंत कसली, पत्राच. दहा वाजले की तो तापायचा आणि पाठीमागे कुणी चूल पेटवल्यासारखं व्हायचं. पत्र्याला एक जाळीची खिडकी होती. बाहेर दहा-बारा हात मोकळी जागा, तिच्यापुढे दुसऱ्या गोदामाची बुटकी भिंत. त्या मोकळ्या जागेत मला धर्माबाद स्टेशनचं कुंपण दिसायला लागलं. आमच्या क्वार्टरपासून प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत रुळांच्या तुकड्यांचं एक कुंपण होतं आणि त्याच्यावर निळ्या भोंग्यांची वेल असायची. आम्ही तिला टेसनवेल म्हणायचो. तिचं खरं नाव काय, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. पहाटेची पॅसेंजर यायची तेव्हा फुलं उघडलेली असायची आणि दुपारची यायची तेव्हा मिटलेली. लहानपणी मला वाटायचं, ती गाडी बघून उघडतात.

उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा वडिलांनी काडेपेटीत बी घालून दिलं. काळं, तिकोनी, संत्र्याच्या फोडीसारखं, पण तांदळाच्या दाण्याहून थोडंच मोठं. मृग लागला तसं मी खिडकीखालची माती उकरून ते लावलं. आठ दिवस गेले, बारा गेले. काहीच उगवलं नाही.

आमच्या ऑफिसातले शिपाई रोज मला मातीशी बसलेली बघायचे. त्यांना सगळे मामू म्हणत. एकोणसाठ वर्षांचे, पांढरी दाढी, पायजम्याच्या खिशात गोदामाची किल्ली. एक दिवस त्यांनी माझ्या शेजारी बसून माती उकरली आणि एक बी वर काढलं. जसं लावलं होतं तसंच होतं, टणक.

"बेटा, हे दगड हाय," ते म्हणाले. "याला पाणी आत जाऊन नाही राहिलं."

पुढच्या रविवारी मी परत घरी गेले आणि वडिलांना विचारलं. ते हसले. "आगं, घासलं न्हाईस व्हय? एका अंगानं दगडावर घासायचं, जरा पांढरं दिसंस्तोर. जिथनं कोंब येतो ती बाजू सोडायची. मग एक रात पाण्यात." स्टेशनवर तर कुणी घासत नव्हतं, मी म्हटलं. "तिथं खडीत पडून वरीसभर आपोआप घासतं ते."

मी ऑफिसच्या पायरीवर बसून एकेक बी घासलं आणि माझ्या टेबलावरच्या पेल्यात भिजत घालून गेले. सकाळी आमचे मोठे बाबू लवकर आले होते. घाम पुसत त्यांनी सरळ माझा पेला उचलला. मामूंनी शांतपणे त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि म्हणाले, "बाबू, नक्को. जुलाब लागतील." ते खरंच होतं. मी जिच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या घरमालकिणीनं, अव्वानं, मला नंतर सांगितलं की ह्याला काळादाणा म्हणतात आणि तिच्या माहेरी उदगीरला पोट साफ करायला कुटून देत. बाबूंनी त्यानंतर माझ्या टेबलावरचं काहीही प्यायलं नाही.

ह्या वेळी चौथ्या दिवशी माती फुगली. पाचव्या दिवशी मानेत वाकलेले कोंब वर आले. पहिली दोन पानं अशी निघाली की मी बघतच राहिले. प्रत्येक पान मधोमध दुभंगलेलं, कोतवाल पक्ष्याच्या शेपटीसारखं. त्यानंतरची पानं मात्र तीन टोकांची, साधी.

मामू म्हणाले, "ही तर इश्कपेचा."

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. बावीस वर्षांच्या मुलीला ऑफिसात असा शब्द ऐकायची सवय नसते. मामूंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "आमच्यात असंच म्हणतात. मिठी मारून चढते ना," ते म्हणाले, आणि गोदामाच्या कोपऱ्यातली फाटकी बारदानं उसवून सुतळी काढायला बसले. आम्ही खिळ्यांना सुतळ्या बांधून पार छपरापर्यंत ताणल्या.

वेल सुतळीला उजवीकडून वळसा घालून वर जायची. सगळ्या वेली त्याच बाजूनं. मी एकदा एक शेंडा सोडवून उलटा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुटून पुन्हा आपल्या बाजूनं चढलेला होता. मी पुन्हा उलटवला. तिसऱ्यांदा मामूंनी बघितलं. "राहू दे की," ते म्हणाले. "तिला ठावं हाय." मी सोडून दिलं.

पाऊस मात्र आला नाही. आषाढ कोरडा गेला. ढग यायचे, मोंढ्यावर थांबायचे आणि निघून जायचे. गावात नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही बारीक धारेनं. अव्वाच्या घरात माणसं अकरा आणि मोरी एक. माझ्या वाट्याला रोज दोन घागरी. मी परातीत बसून अंघोळ करायची, ते पाणी तुपाच्या रिकाम्या डब्यात भरायची आणि पहाटेच ऑफिसला निघायची. मोंढ्यातून डबा सांभाळत जाताना मला बघून हमाल वाट द्यायचे. त्यांना वाटायचं डब्यात प्यायचं पाणी आहे.

साबणाच्या पाण्यानं पानं पिवळी पडली. मामूंनी बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "हे बंद कर. मी बघतो." कुठून बघणार, हे मी विचारलं नाही. चार-सहा दिवसांनी दुपारी गोदामाच्या मागच्या दारी गेले तर ते घमेल्यावर बसून वजू करत होते. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे ते. तोटीच्या एका लोट्यात सगळं. हात धुताना पाणी कोपरावरून घमेल्यात, तोंड धुताना घमेल्यात, पाय घमेल्यातच. एक थेंब बाहेर नाही. मग घमेलं उचलून त्यांनी वेलीच्या मुळाशी हळूहळू ओतलं आणि नमाजाला गेले. मी आल्या पावली परतले.

श्रावणात साहेबांनी एक काम काढलं. दुष्काळ पडणार हे दिसत होतं. जुन्या कागदांत गावोगावच्या विहिरी, बारवा, तळी नोंदलेली होती. त्यातलं बरंच बुजलं होतं आणि कुणाच्या आठवणीतही उरलं नव्हतं. त्याची यादी करायची, म्हणजे उकरून तरी बघता येईल. अडचण अशी की ते कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. ऑफिसात साहेबांपासून बाबूंपर्यंत कुणालाही वाचता येत नव्हतं. शिपाई असलेल्या मामूंना यायचं. लहानपणी गावातली सगळी शाळाच उर्दूत होती, ते म्हणाले, त्यात काय.

दिवसा लोकांची गर्दी असायची, म्हणून आम्ही दोघं सकाळी सहालाच यायचो. आजही डोळे मिटले की ती वेळ समोर येते. पत्रा अजून गार. खिडकीला जाळीऐवजी पानंच पानं, आणि पानांतून येणारा उजेड आधी हिरवा, मग निळसर. फुलं उघडायची वेळही तीच. रात्री छत्रीसारखी गुंडाळलेली कळी असायची. आम्ही कुलूप काढेपर्यंत ती सैल व्हायची आणि एक कागद टाइप होईपर्यंत पूर्ण उघडायची. उघडताना कुणी बघितली नाही. मान वळवली की झालेलं असायचं. निळी म्हणजे शाईची निळी नव्हे, आभाळाचीही नव्हे. आतून कुणी दिवा लावल्यासारखी. घशापाशी पांढरी.

मामू लाल फडक्यातला बस्ता सोडायचे, चष्मा पुसायचे आणि वाचायला लागायचे. गावाचं नाव, मग पाण्यांची नावं. आंब्याची बाव. धोब्याचा कुंटा, म्हणजे लहान तळं. सातीआसराची विहीर. मानेचा ओढा. पीरसाहेबाची बावडी. त्यांच्या आवाजात चढउतार नव्हता. मी मराठीत टाइप करत जायची. बाहेर हवेत धूळ, नळाला हवा आणि आमच्या त्या निळ्या उजेडाच्या खोलीत एकामागून एक पाणी येत होतं. कधी कधी माझी बोटं थांबायची. मामूही थांबायचे. ते कधी म्हणाले नाहीत की लिही. मी पुन्हा सुरू केलं की ते पुढचं पाणी वाचायचे.

साडेदहाला ऑफिस भरेपर्यंत फुलं जांभळट होऊन मिटायला लागलेली असायची. बाबू म्हणायचे, "तुमच्या वेलीला नुसत्या कळ्याच येतात का हो?" ती फुलं होऊन गेली आहेत, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांचा विश्वास बसला नाही.

भाद्रपदात एका सकाळी आम्ही कुलूप काढत होतो तर वेलीसमोर एक बाई उभी होती. पन्नाशीची, अंगावर विटकं हिरवं लुगडं, काखेत रिकामी घागर. त्या दिवशी शिरूर अनंतपाळकडच्या गावांतल्या बायका घागरी घेऊन जिल्ह्याच्या ऑफिसवर येणार होत्या. त्यांचा ट्रक पहाटेच पोचला होता आणि बाकीच्या मोंढ्याच्या ओट्यावर टेकल्या होत्या. ही एकटीच हिंडत इकडे आली होती. पूर्ण भिंत फुललेली होती.

तिनं आमच्याकडे न बघताच विचारलं, "ह्येला पानी कोन घालतं?"

मी म्हणाले, "आम्हीच."

"कुठलं पानी?"

मी मामूंकडे बघितलं. ती वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच जास्त वाईट वाटलं. "आमी एका घागरीपायी कोस कोस जाऊन राहिलो, बाई. माझी सून सात महिन्याची गरवार हाय, ती बी जाती. आन् हितं भिताडाला फुलं. आमच्या वाटचं पानी आसंल ह्ये."

मला तिथल्या तिथं वेल उपटून टाकावीशी वाटली. हातही पुढे केला असेल, कारण मामू मध्ये आले. त्यांनी आत जाऊन घमेलं आणलं, तिच्यापुढे ठेवलं. तळाशी कालचं बोटभर पाणी होतं, मातकट.

"माय, हे वजूचं पाणी हाय," ते म्हणाले. "मी नमाजाच्या आधी हातपाय धुतो ते. घरून एक लोटा आणतो. ऑफिसच्या पाण्यातलं न्हाई."

तिनं वाकून घमेल्यात बघितलं. "हातपाय धुतल्यालं," ती म्हणाली.

"हाव."

"मंग ते तुमचं हाय," ती म्हणाली, आणि घागर खाली ठेवून पायरीवर बसली. "म्या वंगाळ बोलली आसंल तर ऱ्हाऊ द्या."

मामूंनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ती दोन घोट प्यायली आणि बाटली परत केली. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मामूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. ते पान आम्ही आठच दिवसांपूर्वी वाचलं होतं.

"तुमच्या गावात एक बारव हाय," मामू म्हणाले. "महादेवाच्या देवळाच्या मागं. दगडी पायऱ्या."

"न्हाई," ती म्हणाली. "देवळाच्या मागं उकिरडा हाय. मी लग्न होऊन आली तवापून तिथं उकिरडाच हाय."

"मग त्याच्या खाली बघा."

मी आत जाऊन ते पान पुन्हा काढलं, मामूंनी पुन्हा वाचलं, आणि मी दोन प्रती टाइप केल्या: एक साहेबांसाठी, एक तिच्यासाठी. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाची घडी करून चोळीत ठेवली. मग बाहेर बायकांचा गलका सुरू झाला आणि ती घागर उचलून त्यांच्यात गेली. दिवसभर त्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. त्यात तिचा आवाज कोणता, हे मी शोधत होते.

त्यानंतर आठवडाभर मला खिडकीकडे बघवलं नाही. मामू नेहमीप्रमाणे घमेलं ओतायचे. एकदा मी म्हणाले, "मामू, बंद करू या का?" ते म्हणाले, "पाणी तर मी टाकणारच हाय कुठं तरी. नमाज कशी बंद करू?"

त्या गावाला टँकर मिळाला, आठवड्यातून दोनदा. आणि दिवाळीच्या आधी तिकडचा एक तलाठी ऑफिसात येऊन साहेबांना सांगत होता की गावच्या लोकांनी उकिरडा उपसला. दुष्काळी कामातले मजूर लावले, बैलगाड्यांनी खत काढलं आणि पुरुषभर खाली पहिली पायरी लागली. मामूंनी चहाचे कप ठेवता ठेवता ते ऐकलं. कप ठेवून झाल्यावरही ते तिथंच उभे राहिले, आणि साहेबांना त्यांना "झालं का?" असं विचारावं लागलं.

एका रविवारी आम्ही बघायला गेलो. मी, मामू आणि मामूंची बायको, त्यांना मी खाला म्हणायची. एस.टी.नं फाट्यापर्यंत, पुढे चालत. दोन्ही बाजूंची रानं भुईच्या रंगाची. गाव आलं, देऊळ आलं आणि देवळाच्या मागे जमीन एकदम उघडी पडलेली. चौकोनी, खोल, काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरत गेलेल्या. खत अजून कडेला ढिगानं पडलेलं होतं. तळाशी पाणी होतं, फार नाही, घोट्याइतकं. पायऱ्यांवर बायका ओळीनं बसल्या होत्या, सगळ्यांत खालची वाटीनं घागर भरायची आणि वर द्यायची. कुणी घाई करत नव्हतं. वरचं ऊन तिथपर्यंत पोचत नव्हतं. खाला पहिल्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "कितना थंडा है."

आमची ती बाई वर आली. सून बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. "पानी खारट हाय जरा," ती म्हणाली, जणू तक्रार आमच्याकडेच करायची होती. "प्यायला टँकरचं. पर ढोरास्नी, धुन्याला हुतंय." मग तिनं विचारलं, "तुमची फुलं हायत का अजून?" मी म्हणाले, आहेत, पण आता लहान यायला लागलीत. थंडी पडली की तसंच होतं. तिनं बी मागितलं नाही आणि मीही देऊ केलं नाही. बी देऊन मोकळं होणं फार सोपं झालं असतं. तिनं आम्हाला भाकरी आणि कारळाची चटणी दिली. आम्ही देवळाच्या सावलीत बसून खाल्ली.

मार्गशीर्षात वेल वाळली. सकाळचा उजेड पुन्हा साधा, पांढरा झाला. यादी संपत आली होती आणि नव्या इमारतीत ऑफिस हलवायचं ठरलं होतं. मामूंच्या नोकरीचे तीन महिने उरले होते. एक दिवस त्यांनी बस्ता सोडला नाही. पाठकोरा कागद माझ्यापुढे ठेवला, वर एक उभी रेघ ओढली आणि म्हणाले, "हा अलिफ, पहिलं अक्षर. मी गेल्यावर कोण वाचणार हाय हे?"

त्या तीन महिन्यांत मी शिकले. सकाळी सहा ते आठ. अक्षरं उजवीकडून डावीकडे जायची, एकमेकांना धरून रूप बदलायची, आणि मी चिडायची की हेच अक्षर काल वेगळं होतं. मामू चिडायचे नाहीत. चुकलं की कागदावर हलकेच बोट टेकवायचे. मी पहिला शब्द मदतीशिवाय लावला तो 'कुंटा'. ते म्हणाले, "ठीक," आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

पुढे माझी नांदेडला बदली झाली, लग्न झालं आणि मी तिथंच राहिले. तिथल्या ऑफिसातही लाल फडक्यांतले बस्ते होते आणि वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून मी वाचायला बसले. मामू निवृत्त होऊन लेकीकडे उदगीरला गेले होते. पहिल्या वर्षी त्यांचं एक पत्र आलं, सगळं उर्दूत, मुद्दाम. हाताचं लिहिलेलं, दफ्तरातल्या अक्षरांपेक्षा फार निराळं. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि रोज सकाळी कामाआधी दोन-दोन ओळी लावत बसले. चार दिवस लागले. त्यात लिहिलं होतं की सगळे खुशाल आहेत, यंदा पाऊस बरा आहे, खालाचे गुडघे दुखतात, माळवदावर नवी माती टाकली तरी एका कोपऱ्यात गळतं, आणि नातीला गोवर आली होती, आता उतरली, कालपासून ती जेवायला लागली आहे.